शेडमधला हिवाळा: आधी फटी, मग हीटर

मंडळी, शेडचं काम जानेवारीअखेर कुठवर आलंय ते सांगतो. नव्यांसाठी थोडक्यात: इंग्लंडात मिल्टन कीन्सला घरामागच्या बागेत आठ बाय सहा फुटांची लाकडी शेड, फळ्या जेमतेम 12 मिलिमीटरच्या. आत माझं सुतारकाम चालतं. पाट, चौरंग, आणि अधूनमधून कुणाची तरी पेटी (हार्मोनियम) उघडून बसतो. नोव्हेंबर लागला की पांढरा गोंद नीट धरत नाही. त्याला साधारण 10 अंशांच्या वर ऊब लागते, त्याखाली सुकला तर सांध्यात नुसती पांढरी भुकटी राहते. रंध्याच्या पात्यावर तांबूस ठिपके उठतात आणि पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात.

‘किती वॅटचा हीटर घेऊ?’ हे सगळे पहिल्यांदा विचारतात. माझ्या मते ते शेवटी विचारायचं. हिशेबच बघा. भिंती, छप्पर आणि जमीन धरून शेडचं अंग साधारण 25 चौरस मीटर भरतं. एवढ्या पातळ फळीतून दर चौरस मीटरमागे, आतबाहेरच्या एकेक अंशाच्या फरकाला, ढोबळमानाने 3 वॅट बाहेर जातात. बाहेर 4 अंश आणि आत 16 हवे असतील तर झाले 900 वॅट, फटींतून शिरणारा वारा वेगळा. तिथे दोन किलोवॅटचा हीटर लावणं म्हणजे भोकाच्या घागरीत पाणी ओतणं. त्याच भिंतीला आतून 50 मिलिमीटरचा पीआयआर फोम बोर्ड (उष्णता अडवणारा कडक फोम) लावला की 3 चे 0.4 होतात.

म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर निव्वळ बोर्ड कापण्यात गेले. स्वस्त शेडचे उभे वासे बारीक असतात. त्यांत पूर्ण जाडीचा बोर्ड कोंबला की तो बाहेरच्या फळीला चिकटतो आणि फळी आतून कुजते. मी वाशांवर पट्ट्या ठोकून खोली वाढवली, बोर्डामागे 25 मिलिमीटर हवा खेळती ठेवली. बोर्ड दातेरी ब्रेड-सुरीने सुरेख कापला जातो, पण त्याची पिवळी भुकटी मानेला अशी खाजते की विचारू नका. मास्क आणि पूर्ण बाह्या हव्यातच. मग प्रत्येक सांध्यावर अॅल्युमिनियमची चिकटपट्टी, चमच्याच्या पाठीने घासून बसवलेली. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. आतली दमट हवा एखाद्या फटीतून मागे गेली की थंड फळीवर तिचं पाणी होतं, आणि ते दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. वरून 9 मिलिमीटरचा प्लायवूड. कुणी बोर्डाऐवजी थर्माकोल वापरत असाल तर पीव्हीसीची वायर त्याला टेकू देऊ नका. त्या संपर्काने वायरचं आवरण कालांतराने कडक होऊन तडकतं.

आता वीज. सोलरवाल्यांनी रागावू नये, पण इथल्या डिसेंबरात सोलरवर शेड तापत नाही. 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेचौदा अंश वर येतो (त्याच दिवशी पुण्यात तो 48 अंशांवर असतो), आणि दिवस आठ तासांचाही नाही. माझी 400 वॅटची पॅनेल्स डिसेंबरात सरासरी दिवसाला 300 वॅट-तासांच्या आसपास देतात, दाट ढगांत त्याचा पाचवा हिस्साही नाही. त्यावर एलईडी दिवे, रेडिओ आणि ड्रिलच्या बॅटऱ्या मजेत चालतात. पॅनेल्स छपरावर न टाकता दक्षिणेच्या भिंतीवर जवळजवळ उभी लावलीत. क्षितिजाजवळच्या सूर्याचं ऊन सरळ पडतं, आणि बर्फही टिकत नाही.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, 100 अँपिअर-तासांची. ती शून्याखाली चार्ज करायची नाही. आत धातूरूप लिथियमचा थर जमतो आणि क्षमता कायमची जाते. थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारं बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) आहे ना, हे घेतानाच विचारा. माझी बॅटरी बोर्डाच्याच उरलेल्या तुकड्यांच्या पेटीत ठेवलीय.

हीटर आणि यंत्रांसाठी घरातून चिलखती केबल आणली. चर मी खणला, जोडणी नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनने केली. इंग्लंडात नवं सर्किट टाकलं तर बांधकाम नियमांनुसार कळवावं लागतं. 30 मिलिअँपिअरची आरसीडी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावलीच आहे.

गॅसचा उघडा हीटर मी दारातच अडवला. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे 1.6 किलो पाण्याची वाफ होते. लिटरभर रॉकेलमागेही जवळपास लिटरभर पाणी. हत्यारं गंजवायला आणखी काय हवं? शिवाय बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका. डिझेल हीटरचा धूर बाहेर जातो, आतली ऊब कोरडी असते, पण त्याच्या पंपाची टकटक पेटी सुरात लावताना सहन होणार नाही. लाल तारेचा पंखेवाला हीटर लाकडाच्या भुशात नकोच. मी छोटा तेलाचा रेडिएटर घेतला, आणि गोंद-बॅटरीजवळ 80 वॅटचा नळीच्या आकाराचा हीटर, थर्मोस्टॅट 5 अंशांवर. आत 16 अंश राखायला सध्या 300 वॅटच्या आसपास लागतात. संध्याकाळचे चार तास म्हणजे सव्वा युनिट, साधारण 30 पेन्स.

खरी मजा मात्र आर्द्रता-शोषकाने आणली. कॉम्प्रेसरवाला घेऊ नका, थंडीत त्याच्या नळ्यांवर बर्फ धरतो. फिरत्या शोषक चाकाचा घ्या. तो वीज जास्त खातो, पण ती सगळी उष्णता शेडमध्येच राहते. आर्द्रता 85 वरून 60 टक्क्यांवर आली आणि पेटीचा अडकलेला कोमल धैवत न घासता सुटला.

जमीन अजून उघडी आहे, पाय तिथेच गारठतात. फेब्रुवारीत बाक हलवून 25 मिलिमीटरचा बोर्ड आणि त्यावर 18 चा प्लाय टाकेन. दार बाहेर उघडतं, तेव्हा उंची वाढली तरी अडणार नाही. ज्यांनी खालून, तुळयांच्या मधे बोर्ड बसवलाय त्यांनी उंदरांसाठी कोणती जाळी लावली ते जरूर कळवा.