भाजीच्या देठालाही

मुक्ताईची पालखी कोथळीहून निघते तेव्हा ज्येष्ठ लागलेला असतो. पुढे बुलढाणा, जालना, बीड करत पंढरपूर गाठायला जवळपास महिना लागतो. माझा जीव मात्र मुक्ताईनगरच्या आसपासच्या पहिल्या टप्प्यात अडकतो. दुतर्फा केळी, बागायती कपाशी नुकती वर आलेली. मी रावेरकडचा केळीवाला, हरिपाठ म्हणतानाही डोळा शेताकडेच.

यंदा दिंडीचं सरपण, पाणी आणि बैलांचा चारा माझ्याकडे होता. म्हणून निघण्याआधी शिवरायांचं एक पत्र पुन्हा वाचून काढलं. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडच्या आपल्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं. एवढा मोठा राजा, आणि लिहितो गवतावर, दाण्यावर, दिव्याच्या वातीवर! पावसाळ्याचा दाणागोटा आत्ताच उडवलात तर पुढे घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. कुणी कुणब्याचे दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, जळणाचे फाटे, भाजी. असं वागलात तर जीव धरून राहिलेले कुणबीही निघून जातील, त्यांना मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट वाटाल. लागेल ते बाजारातून विकत आणा. रात्री दिवे विझवा, नाहीतर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवत पेटेल.

उंदरापर्यंत विचार पोचलेला! मला तर वाटतं, राज्य कसं चालवावं हे या एका कागदावरून शिकता येईल.

एका मुक्कामी पंगतीला पानं हवी होती. दोन पोरं विळा घेऊन बागेत निघालीसुद्धा. बागवाले दादा हात जोडून म्हणाले, "घ्या ना भाऊ, माउलींच्या पंगतीले नाही म्हणू का?"

मला तेच टोचलं. वारकऱ्याला कोण नाही म्हणणार? पण घड भरत असताना हिरवं पान कापलं की घड पोसत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. पोरांना थांबवलं. म्हटलं, "दादा, जिथला घड उतरलाय तिथली पानं दाखवा." त्यांचा चेहरा सैल झाला. लगेच पुढे होऊन बागेच्या पलीकडच्या कडेला घेऊन गेले. ठिबकच्या नळ्या तुडवल्या जाऊ नयेत म्हणून ताडपत्र्या पडीक तुकड्यावर अंथरल्या. कडबा रोख पैसे देऊन घेतला. दादा घेईनात, तर त्यांच्या आईच्या हातात ठेवले. निजायच्या आधी चुलीतल्या निखाऱ्यांवर दोन बादल्या पाणी ओतलं, कारण बागेतली वाळकी पानं आणि त्यात वारा.

पुढच्या मुक्कामी विणेकरी बाबांनी हरिपाठानंतर ते पत्र मला वाचायला लावलं. एक आजी ऐकून म्हणाल्या, "राजाले एवढं ठाऊक होतं? मग पोरायले रोज सांग."

बुलढाण्याआधीचा राजूर घाट चढेपर्यंत रोज वाचलं.