मीटर ओके, पिल्लं तळाला

ऑक्टोबर हीटचे दिवस, वर्सोव्याला कालवांची पिल्लं वाढवणाऱ्या एका छोट्या हॅचरीत मी नवीनच लागलेलो. दोन दिवस सुट्टी होती म्हणून जाताना शहाणपणा केला, पिल्लांना डबल शैवाल घातलं, उपाशी राहायला नकोत बिचारी.

सोमवारी बघतो तर तीन नंबरच्या टाकीत वरचं पाणी रिकामं! एरवी टॉर्च मारला की धुळीसारखी फिरताना दिसतात, आता सगळी तळाला. ऑक्सिजनचा मीटर बुडवला, लिटरला ५.८ मिलिग्रॅम, म्हणजे झकास. सर म्हणाले, खाण्यात गडबड असेल, दुसरं शैवाल दे. मी द्यायला निघालोच होतो, तेवढ्यात सायफनने काढलेलं पाणी ओतताना कोळीवाड्यातल्या आमच्या मावशी म्हणाल्या, "बाला, पानी नासलंय रे."

मग तळाचं पाणी बाटलीत घेऊन जुन्या विंकलर पद्धतीने, म्हणजे मीटरशिवाय रसायनं घालून, टेस्ट केली. ऑक्सिजन असला की त्यात चॉकलेटी साका बसतो, इथे जवळजवळ पांढराच. टायट्रेशन केलं, म्हणजे थेंबथेंब रसायन घालून मोजलं, तर लिटरला १.४ मिलिग्रॅम! २ च्या खाली गेलं की बहुतेक सगळे धोकाच धरतात.

झालं काय, तर बुडबुडे सोडणारा हवेचा दगड सटकून वर आलेला आणि मी मीटरचा प्रोब बरोब्बर त्याच बुडबुड्यांत धरत होतो. वर मीटर गोड्या पाण्याच्या सेटिंगवर, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो साधारण पाचवा हिस्सा जास्तच दाखवणार. आणि माझं ते प्रेमाचं शैवाल रात्री स्वतःच ऑक्सिजन खात होतं, मेलेलं तळाशी कुजत होतं ते वेगळंच.

मायक्रोस्कोपखाली शिंपले मिटलेले, एखाद्याचेच पोहायचे बारीक केस हलतायत. मोठं कालव तोंड मिटून ऑक्सिजनशिवाय काही दिवस काढतं, पण पिल्लाकडे तेवढा साठा कुठला, पोहणं आणि खाणं दोन्ही त्या केसांवरच आणि खाणं थांबलं की शिंपलाही वाढायचा थांबतो.

जाळीवर गाळून ताज्या पाण्यात टाकली, संध्याकाळपर्यंत अर्धी पोहायला लागली, बाकीची नाहीच. शेजारच्या टाकीतली पिल्लं शिंपल्यांना चिकटायला लागली तरी वाचलेल्यांना अजून चिकटायच्या आधी येणारा डोळ्याचा ठिपकासुद्धा नव्हता.

आता प्रोब पीव्हीसी पाइपला बांधून तळापर्यंत घालतो. मावशी तरीही वास घेऊनच बघतात.