आमची वाटचाल : भंगाराच्या काट्यावरून सुताराच्या हाती

आमच्या भागातील भंगार दुकानांत गोळा होणारे लोखंड जालन्याच्या पोलाद कारखान्यांकडे जाते आणि भट्टीत वितळून त्याच्या बांधकामाच्या सळया होतात. आठ वर्षांपूर्वी परभणीत एका भंगारवाल्याकडे जुन्या बिजागऱ्या शोधायला गेलो असता, काट्यावर सायकलच्या रिंगांखाली एक लोखंडी रंधा दिसला. तसाच रंधा वडिलांच्या हाती तीस वर्षे होता. 35 रुपये किलोने सव्वादोन किलोचे 80 रुपये देऊन तो घरी आणला. जुनी सुतारी हत्यारे दुरुस्त करून विकण्याच्या आमच्या व्यवसायाचे पहिले भांडवल तेवढेच.

त्या रंध्याचे पाते मीच बिघडवले. धार आणण्याच्या घाईत ते कोरड्या ग्राइंडरवर धरले आणि कडेवर आधी पिवळसर, मग जांभळी व शेवटी निळी झाक आली तेव्हा पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरून गेले होते. निळा रंग साधारण 300 अंश सेल्सियसला येतो आणि असे पाते सागाच्या दोन फळ्यांतच बोथट होते. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी पाण्याने भरलेला डबा ग्राइंडरशेजारी आणून ठेवला. तो अजून तेथेच आहे.

गंज काढण्यासाठी आम्ही धुण्याच्या सोड्याचे पाणी, बॅटरी चार्जर आणि लोखंडाचा टाकाऊ पत्रा वापरतो. चार्जरची ऋण तार हत्याराला व धन तार पत्र्याला जोडली की गंज सुटू लागतो आणि खालचे चांगले लोखंड शाबूत राहते. पत्रा स्टेनलेस स्टीलचा घेत नाही, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. शिवाय हायड्रोजन वायू निघत असल्याने हे काम उघड्या ओसरीवरच चालते. नंतर रंध्याच्या तळावर पेन्सिलीने आडव्या रेघा ओढून तो जाड काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासायचा. रेघ जेथे शिल्लक राहील तेथे खड्डा आहे असे समजायचे. मोठ्या रंध्याला यातच अर्धा दिवस जातो. पाते 25 अंशांवर घासून टोकाला 30 अंशांची बारीक धार देतो. तुटलेल्या मुठी बाभळीच्या किंवा शिसवाच्या लाकडात नव्याने घडवतो.

रंध्याचे अंग बिडाचे (जिल्ह्याचे नव्हे, ओतीव लोखंडाचे) असल्याने ते पडले की तडकते. लातूरच्या एका ग्राहकाने रंधा परत पाठवला, तेव्हा तोंडाजवळची केसाएवढी चीर आम्हीच लावलेल्या रंगाखाली झाकली गेल्याचे आढळले. पैसे परत केले. तेव्हापासून बाजारात मडके वाजवून घेतात तसे प्रत्येक अंग आधी लाकडी ठोकणीने वाजवून पाहतो आणि रंग शेवटी देतो.

मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावरील पूर्णा हे रेल्वे कर्मचाऱ्यांचे गाव. तेथील जुन्या घरांतून इंग्लंडमधील शेफील्डचा शिक्का असलेल्या पटाश्या (लाकूड कोरण्याच्या छिन्न्या) आम्हाला मिळाल्या. त्यांवर ‘कास्ट स्टील’ असे कोरलेले पाहून विकणारे त्यांना बिडाच्या समजतात व स्वस्तात देतात. प्रत्यक्षात ते मुशीत वितळवलेले उत्तम पोलाद असते, ज्याची पद्धत बेंजामिन हंट्समन यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास शेफील्डमध्ये रूढ केली. हे विकणाऱ्याला सांगूनच आम्ही भाव ठरवतो. त्यात नफा कमी होतो, परंतु पुढच्या वेळी तेच घर आपणहून बोलावते. वाकस (लाकूड तासण्याचे आडव्या पात्याचे हत्यार) मात्र गावच्या लोहाराने घडवलेले असतात. लाकडी बैलगाड्या गेल्या आणि ते माळ्यावर गेले, तरी घरातली माणसे ते सहसा विकत नाहीत, आणि आम्हीही फारसा आग्रह धरत नाही.

आज कारखान्यात आम्ही तिघे आहोत. जालन्याची गाडी भरण्याआधी तीन भंगारवाले आता आम्हाला फोन करतात. चौथा अजूनही करवती पत्र्याच्याच भावात तोलतो, म्हणून दर गुरुवारी त्याच्याकडे मी स्वतः जातो.