पाटी
उन्हाळी सुट्टीसाठी इंग्लंडहून साताऱ्याला आलेय. तिथली सुट्टी ऑगस्टमध्ये, त्यामुळे इथं शाळा ऐन भरात. आज माझ्या जुन्या शाळेत गेले. पाऊल टाकलं आणि अख्खा पाचवीचा वर्ग उभा, "नमस्ते बाऽऽई!" घसा असा दाटला की बसा म्हणायलाही सुचेना.

२०२३ च्या फेब्रुवारीपासून भारतातल्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना तिथल्या शिक्षक दर्जासाठी, म्हणजे तिथं शिकवायच्या अधिकृत मान्यतेसाठी, अर्ज करता येतो. मीही केला. कागदपत्रं जमली, पण रीतभात कागदावर नसते. तिथल्या वर्गात पहिल्या दिवशी कुणी उठलं नाही. उलट मीच दारात उभी राहून एकेकाचं स्वागत करायचं. एका मुलाला रागावले तर तो थेट डोळ्यात बघत राहिला. मला तो उद्धटपणा वाटला. नंतर सहकारी बाईंनी सांगितलं, तिथं नजर खाली घातली तर पोरगं ऐकत नाहीये असं समजतात. त्या रात्री मी खूप रडले. त्या मुलावर उगीच आवाज चढवला होता.

एक गोष्ट मात्र पहिल्याच आठवड्यात ओळखीची वाटली. प्रत्येकाकडे छोटा पांढरा फळा. उत्तर लिहायचं, सगळ्यांनी एकदम वर धरायचं. कोण कुठं अडलंय ते बाईंना लगेच कळतं. अगं, ही तर आपली पाटी!

आज हे सांगितल्यावर इथल्या बाईंनी कपाटातून जुन्या पाट्या काढल्या. अपूर्णांक घेतले. कधीच हात वर न करणारी शेवटच्या बाकावरची मुलगी, तिच्या पाटीवर पाऊण म्हणजे ३/४. बरोबर होतं. पाटी खाली घ्यायलाच तयार नव्हती.