‘आमच्या शाळेत असलं काही होत नाही’

इंग्लंडमध्ये शाळेत नोकरी लागली की, तुम्ही गणिताचे सर असा नाहीतर माझ्यासारख्या वर्गातल्या मदतनीस, मुलांच्या सुरक्षिततेबद्दलची सरकारची एक जाडजूड मार्गदर्शिका हातात पडते. ‘कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’. सप्टेंबरमध्ये तिची नवी आवृत्ती येते आणि मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला तिचा निदान पहिला भाग वाचावाच लागतो. बराचसा मजकूर सरकारी थाटाचा, वाचता वाचता डुलकी लागावी असा. पण एक गोष्ट त्यात ठासून सांगितली आहे: मुलंच एकमेकांना लैंगिक त्रास देतात अशी तक्रार आली नाही म्हणजे काही घडतच नाही असं समजू नका, आपल्याकडेही घडू शकतं असं धरूनच चाला.

मागून ब्राचा पट्टा ओढणं, स्कर्ट उचलणं हे प्रकारही त्यात नावानिशी आहेत. ‘पोरं आहेत, मस्करी करतात’ म्हणून सोडून द्यायचं नाही, अशी स्पष्ट ताकीद आहे.

ही सावधगिरी उगाच आलेली नाही. सोमा सारा या तरुणीने २०२० मध्ये ‘एव्हरीवन्स इन्व्हायटेड’ नावाचं संकेतस्थळ काढलं आणि २०२१ च्या मार्चमध्ये तिथे लैंगिक त्रासाच्या मुलींच्या निनावी अनुभवांचा अक्षरशः पूर आला. नामांकित शाळांची नावं निघाली. मग शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेड या यंत्रणेने ३२ शाळा-कॉलेजांत जाऊन ९०० हून जास्त मुलामुलींशी बोलून जूनमध्ये अहवाल दिला. दहातल्या नऊ मुली म्हणत होत्या की नको असलेले अश्लील फोटो, व्हिडिओ येणं आमच्यात चालतंच. इतकं नेहमीचं, की सांगून काय उपयोग? आणि शिक्षकांना त्याची व्याप्ती कळलेलीच नव्हती.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. एखादी मुलगी घुटमळत येते. ‘मिस, कुणाला सांगणार नाही ना?’ इथे ‘नाही गं’ म्हणायची मला मुभा नाही. ‘तुला मदत करू शकतील अशा एका बाईंना सांगावं लागेल,’ हे आधीच सांगायचं. मग ऐकायचं. ‘त्याने हात लावला का?’ असं आपण सुचवायचं नाही, ‘मग काय झालं?’ एवढंच विचारायचं. तिचेच शब्द लिहून, वेळ-तारीख घालून, त्याच दिवशी सुरक्षेची जबाबदारी असलेल्या बाईंकडे द्यायचे. चौकशी करणं माझं काम नाही, आणि ते एका परीने बरंच आहे. त्या बाईंचा फोटो आमच्याकडे मुलींच्या टॉयलेटच्या दारावरही लावलाय.

नातेसंबंधांचं शिक्षण, म्हणजे मैत्री, आदर, नकोसा स्पर्श असे विषय, इथे २०२० पासून सक्तीचं आहे, प्राथमिक शाळेतसुद्धा. त्यातून मुलाला काढून घ्यायचा हक्क आईवडिलांना नाही, आणि आपल्या देशी व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावरून अधूनमधून धुरळा उडतो. सगळं आलबेल आहे असंही नाही. सगळ्या मुलग्यांना हॉलमध्ये बसवून एकगठ्ठा उपदेश केला की ते आरोपीसारखे गप्प होतात. तसली भाषणं मला फुकट वाटतात. आणि फोटो रात्री घरी, फोनवर फिरतात. शाळेला कळतं दुसऱ्या दिवशी.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याची बातमी आली तेव्हा गावाकडच्या शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीशी खूप बोलले. कायदा आपल्याकडेही आहे. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याखाली गुन्हा समजला तर कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समितीही हवी. ‘आमच्याकडे आहे की,’ ती म्हणाली, ‘फलकसुद्धा लावलाय.’ मी विचारलं, मुली सांगतात कुणाला? ती जरा थांबली. ‘खरं सांगू? मावशींना. पाळीचं असो, कुणी त्रास दिल्याचं असो, आधी मावशीच.’ इथे डबा खायच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या बायकांनाही हे प्रशिक्षण मिळतं. तिच्या शाळेत मावशींना कुणी बैठकीलाही बोलावलेलं नाही. पुढच्या बैठकीत त्यांच्यासाठी खुर्ची मागते, म्हणालीय.