आठ महिन्यांत परत उघडलेलं इंजिन

गाडी खडी क्रशरवरचा टिपर. इंजिन टाटा कमिन्सचं ५.९ लिटर, सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, मायकोच्या डिझेल पंपाचं. ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर, चढाला दम नाही, रोज लिटर-दीड लिटर ऑइल गायब. मालकाने घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आडवा गर्डर टाकून, एक टनी चेन पुली लावून इंजिन स्वतःच उतरवलं होतं. आठ महिन्यांपूर्वी एका गॅरेजात याच इंजिनाला नव्या रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) पडल्या होत्या. आता मालकांचं एकच म्हणणं होतं, "मिस्त्री, रिंगा टाकून द्या, पावसाळ्याआधी गाडी कामाला लागली पाहिजे."

रिंगा टाकणं एका दिवसाचं काम. पण आठ महिन्यांत रिंगा संपतात तेव्हा त्यांना खाणारं काहीतरी अजून गाडीवरच असतं. ते सापडल्याशिवाय सामानाची यादी द्यायची नाही, असं मी सांगितलं आणि हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उचललं.

सहाही सिलिंडर सारखेच गेले होते. एकच सिलिंडर गेला असता तर नोझल, कूलिंग जेट किंवा तुटलेली रिंग बघायची. सहाही एकदम जातात तेव्हा सगळ्यांत सारखं जाणारं काहीतरी वाईट असतं, म्हणजे हवा किंवा ऑइल. बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, वरून बोट फिरवलं की पहिली रिंग जिथून परत फिरते तिथे नख अडकत होतं. डायल गेज लावला तर वर १०२.१९ ते १०२.२१ मिमी, आणि तळाशी, जिथे रिंग पोचतच नाही तिथे, १०२.०३. या ब्लॉकला नवं माप १०२.०० ते १०२.०४ असतं आणि १०२.११६ च्या पुढे बोअर बाद.

मग रिंगा. प्रत्येक रिंग काढून बोअरच्या न झिजलेल्या तळात सरळ बसवली आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत, म्हणजे तोंडात, फिलर गेज (फट मापायची पट्टी) घातला. वरच्या रिंगचं तोंड ०.४० ते ०.७० मिमी असायला हवं. इथे दोन मिमी उघडं होतं. दुसरी एक मिमीच्या आसपास. ऑइल रिंग मात्र ०.६०, म्हणजे ०.५५ च्या हद्दीच्या जेमतेम पुढे. सगळा उलगडा इथेच झाला. धूळ ऑइलमधून येते तेव्हा ती खालून वर चढते आणि ऑइल रिंग आधी खाते. धूळ हवेतून येते तेव्हा तिची पहिली गाठ वरच्या रिंगशी पडते. इथे वरची संपली होती, खालची जवळजवळ शाबूत होती. बेअरिंगच्या शेलवर बारीक ओरखडे होते, पण क्रँकचे बिग एंड जर्नल (कनेक्टिंग रॉड बसतात त्या जागा) ६८.९८ मिमी भरले. हद्द ६८.९६२ ची आहे, म्हणजे क्रँक ग्राइंड करायची गरज नव्हती. एवढ्याने मालकाचे बरेच पैसे वाचले.

इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचं हवेकडचं तोंड उघडलं. पंख्याच्या पात्यांच्या कडा ब्लास्टिंग केल्यासारख्या निस्तेज, बोथट. म्हणजे धूळ टर्बोच्या आधीच आत शिरत होती.

उतरवलेले होज आणि क्लिपा एका घमेल्यात पडल्या होत्या. एअर फिल्टर ते टर्बो जाणारा रबरी एल्बो हातात घेतला. बाहेरून धडधाकट. दोन्ही हातांनी वाकवला तेव्हा खालच्या बाजूला, जिथे तो ब्रॅकेटवर घासत होता तिथे, बोटाच्या पेराएवढी चीर उघडली. सोडला की चीर बंद. बॅटरी आत धरली तर चिरेपासून टर्बोच्या दिशेने करड्या पुडीचा पंख्यासारखा पसरत गेलेला पट्टा. गाडी उभी असताना तपासलं तर काही दिसायचं नाही; लोड आला, इंजिन माउंटिंगवर डुललं की ती चीर श्वास घ्यायची. हे इंजिन २००० आरपीएमला टर्बोशिवायच मिनिटाला सहा हजार लिटरच्या जवळपास हवा ओढतं, टर्बो भरला की त्याहून कितीतरी जास्त. क्रशरवरच्या हवेत दगडाचीच पूड. मालकाने दर महिन्याला फिल्टर बदलला होता, पण हवा फिल्टरला वळसा घालून येत होती.

आता रिंगांवर काम भागणार नव्हतं. या ब्लॉकला लायनर, म्हणजे बदलता येणारी बाही, नाही, बोअर थेट ब्लॉकमध्येच आहे. त्यामुळे ०.५० मिमी मोठे, म्हणजे ओव्हरसाइज, पिस्टन आधी आणले आणि त्यांच्यासह ब्लॉक बोअरिंगला पाठवला. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करायचा नाही, प्रत्येक पिस्टन मापून त्याचा बोअर त्याच्याच मापाने होन करून (दगडाने घासून) घ्यायचा. हेड व्हॉल्व्ह-सीटच्या कामाला गेलं, कारण धूळ इनलेट सीटही खाते. टर्बोला नवी कार्ट्रिज टाकली.

ब्लॉक परत आल्यावर घरी काम करणारे सगळ्यांत जास्त चुकतात ते धुण्यात. डिझेल किंवा रॉकेलने धुतलं तर होनिंगची पूड जाळीदार रेघांतच बसून राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रश लागतो. मग पांढरं सुती फडकं ऑइलमध्ये भिजवून बोअर पुसायचा आणि फडकं बघायचं. आमचं पहिलं फडकं शिसपेन्सिलीने घासल्यासारखं काळं निघालं, तिसरं करडं. पाचव्या धुण्याला फडकं पांढरं निघालं तेव्हा थांबलो आणि लगेच ऑइलचा हात फिरवला, नाहीतर तासाभरात गंज धरतो. ऑइल गॅलरीचे प्लग काढून आतून ब्रश आणि हवा मारली. इंटरकूलर, त्याचे पाइप आणि इनटेक मॅनिफोल्डही तसेच धुतले. त्यात मागची मूठभर पूड राहिली तर नवं इंजिन पहिल्याच दिवशी ती गिळतं.

जोडणी मॅन्युअलप्रमाणे. शेलची पाठ कोरडी, तोंडाला ऑइल. मेन बेअरिंगचे बोल्ट ६०, ११९, १७६ न्यूटन-मीटर अशा तीन टप्प्यांत आणि प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून बघायचा. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ३५, ७०, १००. नव्या बोअरमध्ये प्रत्येक रिंगचं तोंड पुन्हा मापलं. हेडचे २६ बोल्ट मधून बाहेर, सगळे ९० ला, मग लांब बोल्ट १२० ला आणि शेवटी सगळे आणखी ९० अंश फिरवायचे. थंड इंजिनावर टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) फट इनलेटला ०.२५ मिमी, एक्झॉस्टला ०.५०. गिअरच्या खुणा जुळवून पंप बसवला आणि टायमिंग पिन लगेच बाहेर ओढली. ती आत विसरून इंजिन फिरवलं की मोडते.

मालकांना या निमित्ताने पंप वाढवून, म्हणजे जास्त डिझेल सोडणारा करून, हवा होता. मी नको म्हटलं. हवेपेक्षा डिझेल जास्त झालं की काळा धूर येतो, एक्झॉस्ट तापतो, आणि चढावर सलग फार तापलेला राहिला तर ॲल्युमिनिअमचा पिस्टन डोक्यावरून वितळू लागतो. शिवाय नोंदणीच्या तपशिलात न बसणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे करता येत नाही. ते पैसे दुसरीकडे लावले: आत सेफ्टी एलिमेंट असलेला दुहेरी एअर फिल्टर, नवा एल्बो आणि ब्रॅकेटला अंतर, पट्टीच्या क्लिपांऐवजी टी-बोल्ट क्लॅम्प, डिझेलला वॉटर सेपरेटर, एक्झॉस्ट तापमानाचा मीटर आणि फिल्टरवर रिस्ट्रिक्शन इंडिकेटर. तो लाल झाला की, म्हणजे ओढ ६३५ मिमी पाण्याएवढी झाली की, एलिमेंट बदलायचं. मधे उगाच उघडून झटकायचं नाही. दर उघडण्याला थोडी धूळ आत पडतेच.

इंजिन गाडीवर चढल्यावर फिल्टरचं तोंड बंद करून पाइपांत पाच पीएसआय हवा भरली आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडलं. एका क्लॅम्पला बुडबुडे आले, तो आवळला. टर्बोच्या ऑइल पाइपमध्ये ऑइल ओतलं, इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉप ओढून धरून काट्याने ऑइलचं प्रेशर दाखवेपर्यंत स्टार्टर मारला, मग इंजिन चालू केलं. गरम झाल्यावर आयडलला दीड बार. या इंजिनाला ०.७ च्या खाली जाऊ द्यायचं नसतं. नवी रिंग आयडलवर बसत नाही, तिला लोड लागतो. म्हणून पाणी आणि ऑइल तापल्यावर अर्ध्या भरतीत चढावर नेली.

पंधरा दिवसांनी ऑइल बदललं आणि टॅपेट पुन्हा बघितले. फिल्टरनंतरचा पाइप सोडून आत बोटाला फडकं गुंडाळून फिरवलं. फडकं पांढरं निघालं. क्रशरवरच्या गाडीचं फडकं.