आण्णांचा एन्सेफलायटिस आणि कॅशलेसचा काउंटर

आजार आण्णांच्या मेंदूचा, पण आमचं डोकं खाल्लं ते हॉस्पिटलातल्या कॅशलेसच्या काउंटरनं, म्हणजे विमा कंपनीनं बिल थेट भरावं म्हणून मंजुरी मागतात तिथं.

आधीचं थोडक्यात सांगते. आण्णांचा डावा हात आणि तोंडाची डावी बाजू एकदम आखडायची, दोन-तीन सेकंदांत सुटायची. दिवसभर हेच. हातातला चहा अंगावर. मग कोल्हापुरात गंगावेशीत दूध प्यायला जाणारा हा माणूस राजारामपुरीतल्या घराची वाट विसरायला लागला. रक्तात सोडियम सारखं कमी. न्यूरोलॉजिस्टनी मोबाईलवरचा झटक्याचा व्हिडिओ बघितला आणि म्हणाले, ऑटोइम्यून एन्सेफलायटिस, बहुतेक एलजीआय-१. म्हणजे शरीर स्वतःच्याच मेंदूतल्या (एलजीआय-१ नावाच्या) प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं आणि मेंदूला सूज येते. (व्हिडिओ काढून ठेवाच, डॉक्टरांपुढं झटका येईलच असं नाही.)

रक्त आणि पाठीतलं पाणी तपासणीला बाहेरगावी गेलं. 1 ग्रॅम स्टिरॉइड रोज सलाईनमधून सुरू झालं. जोडीला आयव्हीआयजी ठरलं, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी शिरेतून देतात ते. किलोमागे 2 ग्रॅम, 5 दिवसांत विभागून. आण्णा 60 किलोचे, म्हणजे 120 ग्रॅम, 5 ग्रॅमच्या 24 बाटल्या. खर्च लाखांत.

आणि तिथं गाडी अडली.

काउंटरवरचा पोरगा स्क्रीनवरनं नजर न काढता म्हणाला, "ताई, विमा कंपनीची क्वेरी आलीय. अँटिबॉडी रिपोर्ट जोडा."
"रिपोर्ट यायचाय अजून."
"मग आल्यावर बघू की."

अहो, रिपोर्टची वाट बघत बसू नका असंच तर डॉक्टर सांगतायत! या आजाराचे 2016 साली छापून आलेले आंतरराष्ट्रीय निकषच सांगतात की लक्षणं, एमआरआय, पाठीतलं पाणी बघून उपचार सुरू करावेत. उशीर झाला तर नुकसान पेशंटचं. हे मी त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि टोकनचा पुढचा नंबर पुकारला.

डॉक्टरांचं पत्र दिलं. दुसरी क्वेरी: पेशंटला पूर्वीपासून मानसिक आजार आहे का? का, तर पहिल्या केसपेपरवर कुणीतरी 'वागण्यात बदल' एवढंच खरडलं होतं. तो कागद फाईलच्या सगळ्यात वर! त्यामुळे फाईल लावताना सोडियम, एमआरआय आणि न्यूरोलॉजिस्टचं पत्र वर ठेवा. पत्रात 'रिपोर्टआधी उपचार आवश्यक' हे स्पष्ट लिहून घ्या. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकात कॅशलेसचा निर्णय तासाभरात द्यायचा असं आहे. यांच्या लेखी क्वेरी टाकली की झाला निर्णय.

शेवटी भावानं सोनं गहाण ठेवून बाटल्या आणल्या. मंजुरी नंतर आली, तीही अर्धवट.

हो, एक राहिलं. अँटिबॉडीचं रक्त आयव्हीआयजीच्या आधी घ्यायला सांगा, नंतर घेतलं तर रिपोर्टात घोळ होऊ शकतो. छाती-पोटाचा सीटी सांगितला तर दचकू नका, गाठ नाही ना एवढं बघतात. या प्रकारात ती क्वचितच सापडते.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तोवर आण्णांचे झटके जवळजवळ थांबले होते. स्टिरॉइडच्या गोळ्या हळूहळू कमी करतायत, मनानं बंद करायच्या नाहीत, साखर तपासत राहायची. कापलेल्या रकमेची लेखी तक्रार कंपनीकडं दिलीय. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं जाणार, फाईल तयार आहे.